सासूबाई, इंजेरा आणि एकच ताट

ताई, मी सिल्व्हर स्प्रिंगला, वॉशिंग्टनच्या अगदी वेशीवर राहते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण अदिस अबाबाची आहे. तीन वर्षांत तिने माझ्या डब्यातलं थालीपीठ, आमटी, साबुदाण्याची खिचडी सगळं आवडीने खाल्लं. आता तिने आम्हा सगळ्यांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंना, इथल्या एका इथिओपियन हॉटेलात जेवायला बोलावलंय. आम्ही कुणीच ते जेवण कधी चाखलेलं नाही. अडचण अशी की तिकडे म्हणे एकाच ताटात सगळ्यांनी हात घालून जेवायचं. सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि उष्ट्या-खरकट्याचं त्यांना फार. चाखलेला चमचा पातेल्यात गेला तरी ती भाजी त्या घेत नाहीत. शिवाय ही मैत्रीण प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवते, हे मी ऑफिसच्या पार्टीत पाहिलंय. नवऱ्याला मात्र तिथलं कच्चं मांस खाऊन बघायचंय! आषाढीपासून सासूबाईंचा कांदा-लसूणही बंद होईल. त्यांना घरी ठेवून जावं का? की सरळ नाही म्हणावं? मैत्रीण स्वतः दर बुधवारी-शुक्रवारी ‘आज उपास’ म्हणते आणि भरगच्च डबा खाते, त्यामुळे तिला आमचे नियम कसे सांगावेत तेही कळत नाही.
दोन्हीकडून अडकलेली

अगं, शेवटचं वाक्य तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस, पण तुझी सुटका नेमकी तिथेच आहे. मैत्रिणीला फोन कर आणि सांग, ‘आपण शुक्रवारी जाऊ या.’

तुझी मैत्रीण बहुधा इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चची असणार. त्यांच्याकडे ईस्टरनंतरचे पन्नास दिवस सोडले तर एरवी बुधवार आणि शुक्रवार उपासाचे. शिवाय ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस, ऑगस्टमध्ये पंधरवडाभर, नाताळच्या आधी पुन्हा चाळीसेक दिवस. साध्या भाविकाचेसुद्धा वर्षाला साधारण 180 दिवस होतात, पुरोहितांचे तर 250 च्या घरात. या उपासाला त्यांचा शब्द ‘त्सोम’. त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी-तूप नाही. कडक पाळणारे दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत, पण मग जेवतात ते व्यवस्थित. डाळी, पालेभाज्या, कांदा, लसूण, सगळं चालतं. आपल्या उपासाला तूप चालतं आणि डाळ चालत नाही, त्यांच्या उपासाला डाळ चालते आणि तूप चालत नाही. तिने तुझी साबुदाण्याची खिचडी खाताना ‘हा कसला उपास, तुपात तळलेले बटाटे खाऊन?’ असं मनात म्हटलं असेलच. तेव्हा फिट्टंफाट.

शुक्रवारी गेलात की यजमानीणबाई स्वतःच शाकाहारी जेवणार. ताटात मांस येण्याचा प्रश्नच मिटला. आणि हॉटेलात त्यांचा उपासाचा थाळा वर्षातल्या कुठल्याही दिवशी मिळतो, त्याला ‘येत्सोम बेयायनेतू’ म्हणतात. बेयायनेतू म्हणजे सगळ्यातलं थोडंथोडं. वेटरला नुसतं ‘व्हेज’ म्हणू नकोस, ‘येत्सोम’ म्हण. ‘व्हेज’ला कधीकधी लोणकढं तूप पडतं (सासूबाईंना ते चालेल, उलट आवडेल), पण ‘येत्सोम’ म्हटल्यावर प्राण्याकडून आलेलं काहीही पडत नाही, हे तिथल्या स्वयंपाक्याला त्याच्या आईने शिकवलेलं असतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळलेल्या तोंडाने सांगतेय. मी पहिल्यांदा गेले ते माझ्या भाचीकडे व्हर्जिनियात गेले होते तेव्हा. बरोबर माझी नणंद, तीही शाकाहारी. मी मोठ्या आत्मविश्वासाने चौघांसाठी एक मिश्र थाळा सांगितला, कारण चित्रात डाळी वेगळ्या, भाज्या वेगळ्या, कोंबडी वेगळी अशी छान रंगीत दिसत होती. थाळा आला. दीड-पावणेदोन फुटांची इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेल्या पिठाची पोळी, तिच्यावर कडेने डाळी-भाज्यांचे ढीग मांडलेले. मग वेटरने एक वाटी हातात घेतली आणि बरोबर मधोमध लालभडक रस्सा ओतला, त्यात कोंबडीची तंगडी आणि एक अख्खं उकडलेलं अंडं. तो रस्सा आमच्या डोळ्यांदेखत चहूबाजूंनी पसरला. मसूर गेली, कोबी गेला, खालची इंजेरा तर स्पंजसारखी, तिने सगळं शोषून घेतलं. नणंद काही बोलली नाही. बाजूला गुंडाळी करून ठेवलेली कोरडी इंजेरा आणि टोमॅटोची कोशिंबीर एवढ्यावर तिने ते जेवण काढलं, आणि रात्री घरी आल्यावर मी तिला दहीभात कालवून दिला. चूक हॉटेलची अजिबात नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून तुझ्या नवऱ्याला सांग की त्या कच्च्या मांसाचा बेत सध्या बासनात. ‘कितफो’ म्हणजे बारीक खिमा, गरम मसालेदार तुपात आणि ‘मित्मिता’ नावाच्या झणझणीत मिरचीपुडीत कालवलेला. तो कच्चा खातात, हवा तर ‘लेबलेब’ म्हणजे जेमतेम शेकवूनही देतात. पण तो गोमांसाचा असतो, हे त्याला ठाऊक आहे का? पुढे कधी एकटा गेला तर त्याने एवढे शब्द पाठ करावेत: दोरो म्हणजे कोंबडी, बेग म्हणजे मेंढी, ‘आसा’ म्हणजे मासा, आणि नुसतं ‘सिगा’ म्हटलं की बहुतेकदा गाय-बैल. डुक्कर तिकडे ख्रिस्ती खात नाहीत आणि मुसलमानही नाहीत, त्यामुळे ती काळजी नको. पण शुक्रवारी, उपास असलेल्या यजमानणीसमोर आणि आईच्या शेजारी बसून कच्चं मांस मागवणारा मुलगा तू जन्माला घातलेला नाहीस, त्यामुळे त्याला वळण लावणं तुझ्या हातात नाही. हे काम सासूबाईंवर सोड.

आता उष्ट्याकडे येऊ. खरा पेच तोच आहे.

सासूबाईंना पटवायला जाऊ नकोस. साठ-सत्तर वर्षांचं वळण एका जेवणासाठी कुणी मोडत नाही, आणि मोडावं तरी का? त्यांच्यासाठी वेगळं ताट मागायचं. हॉटेलात एका माणसापुरता येत्सोम थाळा मिळतोच. पण तो आयत्या वेळी, टेबलावर बसल्यावर, खाणाखुणा करत मागू नकोस. मैत्रिणीला आधीच फोनवर स्वच्छ सांग की ‘आमच्या घरातली मोठी माणसं आपापल्या ताटात जेवतात, त्यांना तेच बरं वाटतं.’ तब्येतीची, पथ्याची खोटी सबब नको. वडीलधाऱ्यांचा मान ही गोष्ट इथिओपियन माणसाला समजावून सांगावी लागत नाही, वडील माणूस खोलीत आलं की ते आपल्यासारखेच उठून उभे राहतात. खोटी सबब सांगितलीस तर मात्र ती काळजीपोटी पुढच्या सोमवारी सासूबाईंसाठी घरून आल्याचा चहा घेऊन येईल, आणि तुला आणखी एक खोटं बोलावं लागेल.

तू आणि नवरा मैत्रिणीबरोबर एका ताटात जेवा. त्यांची रीत ऐकलीस तर तुझ्याच मनातली धाकधूक कमी होईल. हात आधी स्वच्छ धुवायचे, घरी असलं तर पाहुण्याच्या हातावर तांब्यासारख्या भांड्याने पाणी घालतात. जेवायचं फक्त उजव्या हाताने. ताटात आपल्या समोरचं खायचं, पलीकडे हात लांबवायचा नाही. आणि बोटं चाटायची नाहीत, ते त्यांच्याकडे असभ्य समजतात. इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात भाजी चिमटीत पकडायची आणि घास तोंडात टाकायचा, म्हणजे भाजीला तुकडा लागतो, बोटं फारशी लागत नाहीत. बघ, सासूबाईंच्या नियमावलीतलं निम्मं तर इथेच आलं. मला विचारशील तर साताऱ्याकडे हुरड्याला बसल्यावर एकाच घोंगडीवर पडलेल्या गरम दाण्यांच्या ढिगात सहा जणांचे हात पडतात, तेव्हा ‘उष्टं’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. पण हे सासूबाईंना तू ऐकवू नकोस. त्यांना स्वतःलाच आठवलं तर आठवू दे.

भरवण्याला म्हणतात ‘गुर्शा’. शब्दाचा अर्थ तोच, घास. ज्याच्यावर माया आहे, ज्याचा मान ठेवायचाय, त्याला आपल्या हाताने मोठासा घास करून भरवायचा. आपल्या लग्नात नवरानवरी एकमेकांना जिलबी भरवतात आणि बाकीचे ‘नाव घ्या, नाव घ्या’ ओरडतात, तसं, फक्त तिथे लग्न लागत नाही. एका घासावर सहसा कुणी थांबत नाही, दुसरा येतोच. तू तोंड मोठं उघड आणि घे, अर्धा घास सांडला की दोघींची फजिती. आणि मग तिलाही एक भरव. सासूबाईंपर्यंत घास येऊ नये असं वाटत असेल तर फोनवरच तेही सांगून टाक. समजा, ती प्रेमाच्या भरात विसरली आणि घास पुढे आलाच, तर सासूबाईंनी हात पुढे करून तो तळहातावर घ्यावा, प्रसाद घेतात तसा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. माझ्या नणंदेने नंतरच्या खेपेला असंच केलं आणि भरवणाऱ्या बाईने तिच्या हाताला हात लावून नमस्कार केला.

ताटात काय येईल ते सासूबाईंना आधी सांगून ठेव, म्हणजे दचकणार नाहीत. इंजेरा ही टेफ नावाच्या धान्याची. दाणा खसखशीएवढा. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, मग मोठ्या गोल तव्यावर, त्याला ‘मिताद’ म्हणतात, गोल फिरवत ओततात आणि झाकण ठेवतात. एकाच बाजूने भाजायची, उलटायची नाही. वर जाळी पडते, त्या भोकांना ते ‘डोळे’ म्हणतात, आणि डोळे चांगले पडले तर बाई सुगरण. हे ऐकून सासूबाई म्हणतील, ही तर आंबोळी! बरोबर आहे, पण दोन फरक. एक, आंबट जरा जास्त, आपलं पीठ रात्रभर राहिलं तर हे तीन रात्री. दुसरा फरक मला पहिल्यांदा फार खटकला, तो म्हणजे इंजेरा थंड असते. तव्यावरची गरम पोळी ताटात पडण्याची सवय असलेल्या माणसाला थंड, ओलसर, किंचित रबरी घडी हातात आली की वाटतं, कालची वाढली की काय. तशी नसते. ती तशीच खायची असते, गरम डाळीखाली. अमेरिकेत टेफमध्ये गहू, बार्ली वगैरेही मिसळतात, त्यामुळे घराण्यात कुणाला गव्हाचं पथ्य असेल तर विचारून घे.

डाळींमध्ये ‘मिसिर वत’ म्हणजे लाल मसूर, ‘बेरबेरे’ मसाल्यातली. या मसाल्यात मिरची, आलं, लसूण, मेथी, त्यांची वेगळी मोठी वेलची, काळं जिरं, ओवा असं बरंच काही, आपल्या कांदालसूण मसाल्याच्या जवळचं पण सुवास वेगळा. साताऱ्याच्या माणसाला तिखटाची भीती नाही. ‘किक अलिचा’ म्हणजे हळदीतली वाटाण्याची पिवळी डाळ, सौम्य, आपल्या वरणाची चुलत बहीण. ‘गोमेन’ ही पालेभाजी. कोबी-बटाटा-गाजराची भाजी तर अशी येते की सासूबाई म्हणतील, यासाठी मी एवढ्या लांब आले? आणि ‘शिरो’. नावावरून त्यांना वाटेल गोड शिरा आला. ते असतं पिठलं. हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं मसालेदार पीठ, कांद्यावर शिजवलेलं, मातीच्या भांड्यात रटरटत टेबलावर येतं. एवढंच लक्षात ठेव की ‘बोझेना शिरो’ नावाचं जे असतं त्यात गोमांसाचे तुकडे असतात. नुसतं शिरो म्हण, येत्सोम म्हण. गोडाधोडाची त्यांच्याकडे फारशी रीत नाही, तेव्हा शेवटी काहीतरी गोड लागतंच अशा सासूबाई असतील तर पर्समध्ये वडीचा तुकडा टाक.

सगळ्यात शेवटी ताटाच्या तळाची इंजेरा उरते, सगळ्या भाज्यांचा रस प्यायलेली. ती टाकू नकोस. मला विचारशील तर बाकीचं जेवण ही तिची तयारी असते.

कांदा-लसणाचं मात्र काही करता येणार नाही. ‘वत’ म्हणजे त्यांचा रस्सा, आणि रस्सा म्हणजे कांदाच. लाल कांदा बारीक चिरून, तेलाचा थेंब न घालता, मंद आचेवर तो पार विरघळेपर्यंत हलवत बसायचं, मग तेल, मग मसाला. कांदा काढला तर भांड्यात काही उरत नाही. तेव्हा आषाढीच्या आधीचा शुक्रवार धर, कॅलेंडरवर एकादशी-संकष्टी नाही ना ते बघून घे, आणि तो हुकला तर कार्तिकीनंतरचं बघ, चातुर्मासात जाऊच नका.

बसायचं कुठे ते विचार. काही ठिकाणी ‘मेसोब’ असतो, वेताच्या मोठ्या टोपलीसारखं विणलेलं गोल टेबल, आणि भोवती बुटके स्टूल. दिसायला सुंदर, गुडघ्यांना वैरी. साधं टेबल-खुर्ची मागून घे.

जेवणानंतर कॉफी आली तर घाई असल्यासारखं घड्याळ बघू नकोस. कॉफीचं मूळ घरच ते. हिरव्या बिया समोर भाजतात, तो धूर कढईसकट प्रत्येकाच्या नाकाशी आणतात, ऊद जाळतात, काळ्या मातीच्या ‘जेबेना’तून कानाशिवायच्या छोट्या कपांत ओततात, बरोबर लाह्या. हो, मक्याच्या लाह्या. तीन फेऱ्या: आबोल, तोना, बेरेका. तिसरी आशीर्वादाची, ती सोडून उठत नाहीत. दरवेळी त्याच बियांवर पाणी घालतात, त्यामुळे तिसरी बरीच सौम्य. सासूबाईंना रात्री झोप येत नसेल तर पहिलीचा एक घोट आणि तिसरी पूर्ण.

एक नाजूक गोष्ट. सासूबाई इतिहासातलं काही आठवून गप्पांत ‘हबशी’ म्हणतील. मलिक अंबर, ज्याने खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, तो त्याच मुलखातला, जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेतूनच आलेले. आणि तिकडची माणसं स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात, आपला शब्द तिथूनच आला. पण आपल्याकडे तो शब्द शिवीच्या वाटेने गेलाय, तेव्हा गाडीतच सांगून ठेव की मलिक अंबराबद्दल जरूर बोला, हा शब्द मात्र नको.

बोलायला दुसरा विषय हवा असेल तर शेतीचा काढा. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या त्याच डोंगरांतली, ज्वारीही त्याच बाजूची. आणि सासूबाई साताऱ्याहून येताना कारळ्याची चटणी घेऊन आल्याच असतील, नाही का? कारळ्याच्या शास्त्रीय नावातच ‘अ‍ॅबिसिनिका’ आहे, अ‍ॅबिसिनिया हे इथिओपियाचंच जुनं नाव. इथिओपियात त्याला ‘नूग’ म्हणतात आणि त्याचं तेल काढून उपासाच्या भाज्या करतात. मैत्रिणीसाठी फुलंबिलं घेऊ नकोस. त्या चटणीची छोटी बरणी सासूबाईंच्या हातून तिला दे आणि झाकण उघडून वास घे म्हणावं. तिला शुक्रवारीही चालेल.